खुर्चीत न बसणारे साहेब

"तुम्ही बसा. मी उभाच बरा."

आमच्या साहेबांना भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं वाक्य हेच ऐकायला मिळायचं. पाहुणा खुर्चीत टेकला की साहेब टेबलामागून बाहेर यायचे आणि खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी अशा त्यांच्या फेऱ्या सुरू व्हायच्या. पाहुण्याची मान टेनिसचा सामना बघितल्यासारखी इकडून तिकडे फिरायची. शेवटी तोही कंटाळून उभा राहायचा. मग दोघं मिळून चालायचे आणि जे काही काम असेल ते त्या चालण्यात होऊन जायचं.

तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल. "निघतो आता" म्हणत दारातच अर्धा तास बोलणारा, पण आत येऊन दोन मिनिटं न टेकणारा. आपल्याकडे असा माणूस बहुतेक विमा एजंट असतो, नाहीतर मुलीच्या लग्नातला बाप. आमचे साहेब राजदूत होते. ग्रीसचे.

मस्कतमधली त्यांची वकिलात म्हणजे एक पांढरा दुमजली बंगला, पुढे बोगनवेल, वर निळा-पांढरा झेंडा आणि आत मोजकी माणसं. मी तिथे सेक्रेटरी होते. मूळची औरंगाबादची. नवरा रुसैलच्या कारखान्यात इंजिनिअर, घर अल हैलला, मुलगी इंडियन स्कूलमध्ये. ती शाळेत गेल्यावर घरात बसून करायचं काय, म्हणून अर्ज केला आणि लागले. आमचे ड्रायव्हर युसूफभाई श्रीवर्धनकडचे. वकिलात उघडली तेव्हापासून होते. वरच्या मजल्यावर ग्रीसहून आलेली दोन-चार माणसं असायची, पण ती दर काही वर्षांनी बदलायची. युसूफभाई म्हणायचे, "राजदूत येतात नि जातात, ताई. गाडी तीच नि ड्रायव्हर तोच."

हे साहेब आले ते दोन हजार दहाच्या सुमारास. पहिल्या दिवशी विमानतळावर युसूफभाईंनी रिवाजाप्रमाणे मागचं दार उघडून धरलं. साहेब गाडीला वळसा घालून गेले, पुढचं दार स्वतः उघडलं आणि युसूफभाईंच्या शेजारी बसले. "मागे बसलं की पोत्यात घातल्यासारखं होतं," म्हणाले. मग रस्ताभर "सीगा-सीगा, युसूफ" म्हणत राहिले. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ हळूहळू, सावकाश. युसूफभाई तर आधीच बैलगाडीच्या वेगाने चालवणारे. पण तोंडाने सीगा-सीगा म्हणणाऱ्या साहेबांचा पाय खाली सारखा काहीतरी दाबत होता, जणू ॲक्सिलरेटर त्यांच्याच बाजूला आहे.

"तोंडाने ब्रेक नि पायाने रेस," युसूफभाईंनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "या माणसाचं इंजिन कधी बंद पडत नसेल."

एकदा मी धीर करून विचारलं, "सर, तुम्ही बसत का नाही?"

ते खिडकीजवळ थांबले. "माझे वडील आमच्या बेटावर बोटीची तिकिटं विकायचे. जन्मभर तिकिटाच्या खिडकीत बसले. सगळं गाव त्यांच्यासमोरून निघून गेलं. कुणी अथेन्सला, कुणी जर्मनीला, कुणी ऑस्ट्रेलियाला. ते मात्र स्वतः कधी बोटीत चढले नाहीत."

मला भरून आलं. "म्हणून तुम्ही..."

"नाही, नाही. मला मूळव्याध आहे," ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले आणि मग इतके हसले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी खाली डोकावलं.

खरं काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही. बहुधा दोन्ही.

बेटावरून बोटीत चढलेला हा मुलगा परीक्षा देऊन परराष्ट्र खात्यात शिरला आणि मग कैरो, बेलग्रेड, नैरोबी असं करत करत केस पिकेपर्यंत फिरला. मुलं झाली नाहीत. बायको अथेन्सला शिकवायची, सुट्टीत यायची. "राजदूत म्हणजे कोण?" ते म्हणायचे. "दुसऱ्याचा निरोप आपल्या तोंडून नीट सांगणारा. इतकी वर्षं मी इतरांचे निरोप सांगतोय. माझं स्वतःचं मत काय, हे मला हल्ली आठवावं लागतं."

त्यांना खरोखर बसावं लागलं ते रुस्ताकला, मस्कतपासून दोनेक तासांवरच्या गावी. तिथले एक खजुराचे मोठे व्यापारी, वयाने साहेबांहून मोठे. त्यांची कामाची माणसं त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणायचो. ऑलिव्ह तेल आणि खजूर यांच्या व्यापाराची काही बोलणी होती. गालिच्यावर मांडी घालून बसायचं, मधे खजुरांचं ताट, आणि एक माणूस चोच असलेली कॉफीची किटली घेऊन उभा. ओमानमध्ये कॉफी पुरे झाली की छोटी वाटी हातात हलवायची असते. नाही हलवली की तो भरतच राहतो. साहेबांना हे माहीत होतं. पण उठायची इतकी घाई झालेली, की लक्ष सगळं दाराकडे आणि वाटी हलवायचं विसरून गेलेले. तो ओततोय, हे पितायत. अर्बाब मिशीत हसत बघत होते. शेवटी त्यांनीच हात पुढे करून साहेबांच्या हातातली वाटी हलवली आणि म्हणाले, "पाहुण्या, तू कॉफी पीत नाहीयेस, पळतोयस."

परतताना साहेबांचं दोन्ही पायांनी ॲक्सिलरेटर दाबणं चालू होतं. पण त्या दिवसापासून अर्बाब आणि त्यांची मैत्री जमली ती जमलीच.

मग त्यांच्या देशाची घडी विस्कटली. बातम्या तुम्हीही तेव्हा पाहिल्या असतील. रिसेप्शनमधल्या टीव्हीवर अथेन्सचा मोठा चौक दिसायचा, माणसांनी भरलेला, कधी धुराने. साहेब जाता-येता त्याच्यासमोर थांबायचे, चॅनल बदलायचे, पुन्हा तेच लावायचे. वरच्या मजल्यावरची माणसं एकेक करून परत बोलावली गेली. स्वयंपाकी गेला. टेलिफोनवरची बाई गेली. मग फोन वाजला की कधी कधी साहेबच उचलायचे. मी शेजारच्या खोलीतून ऐकायचे. आवाज घशातून जाड काढून ते सांगायचे, "नाही, राजदूत बाहेर गेलेत. निरोप ठेवा, मी देतो." आणि फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणायचे, "राजदूत फार बाहेर असतात. नोकरी जाईल त्यांची."

थट्टा चालू होती, पण फेऱ्या वाढल्या होत्या. छोट्या वकिलाती बंद होणार अशी कुजबुज अथेन्सहून येत होती आणि आमची तर छोट्यातली छोटी. साहेबांनी तिच्या बचावाचा एक लांबलचक मजकूर मला सांगितला. ते चालत बोलणार, मी टाईप करणार. इथल्या समुद्रातून जाणारी ग्रीक जहाजं, खलाशांची आजारपणं, अडचणीत सापडलेले कप्तान, सगळं त्यात आलं. शेवटी एक वाक्य घातलं, "छोटा दिवा विझवून वीज फारशी वाचत नाही, फक्त अंधार होतो." मी टाईप केलं. दोन फेऱ्यांनंतर म्हणाले, "ते काढा. अथेन्सला कविता चालत नाहीत."

मजकूर गेला. उत्तर आलं नाही. वकिलात मात्र चालू राहिली आणि आम्ही ते उत्तर समजून आनंदात राहिलो.

एका दुपारी त्यांच्या खोलीतला फोन बराच वेळ चालला. पावलांचा आवाज बंद झाला म्हणून मी दारातून पाहिलं. साहेब बसले होते. स्वतःच्या खुर्चीत नव्हे, पाहुण्यांच्या. फोन मांडीवर होता.

"बरं नाही का, सर?"

"मला मंत्री करतायत," ते म्हणाले.

सरकार कोसळलं होतं. राजकारणाबाहेरची माणसं घेऊन तात्पुरतं नवं सरकार उभं राहत होतं. परराष्ट्र खात्यात दुसऱ्या क्रमांकाचा मंत्री म्हणून त्यांना बोलावणं आलं होतं. उत्तर द्यायला जेमतेम एक-दोन दिवसांची मुदत होती.

त्या संध्याकाळी त्यांना आमच्या घरी जेवायला बोलावलेलं होतं, आधीपासून ठरलेलं. वाटलं, येणार नाहीत. आले. अल हैलच्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये या माणसाने इतक्या फेऱ्या मारल्या की माझ्या नवऱ्याने हळूच टीपॉय भिंतीला लावला. कपाटावर बुद्धाची छोटी मूर्ती आहे. तिच्यासमोर ते थांबले. "किती निवांत बसलाय हा," म्हणाले. "मला याची भीती वाटते."

मी भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. पहिला घास घेतला आणि ते ओरडले, "अहो, हे तर आमचं आहे! माझी आई करायची. फक्त तुम्ही यात बाँब टाकलाय." डोळ्यांतून पाणी येत होतं, मिरचीचं की आणखी कशाचं कोण जाणे. भरीत मात्र त्यांनी तीनदा वाढून घेतलं.

आमची मुलगी तेव्हा सातवीत. तिचं मराठी अडखळत चालतं, पण पाहुण्यांसमोर मराठीत बोलायचं हा आमच्या घरचा नियम. तिला वाटलं, सगळ्याच पाहुण्यांना तो लागू आहे. तिने मला विचारलं, "आई, मंत्री म्हणजे अंकल आता... निर्णय देणार? आधी कोण देत होतं?"

मी त्यांना इंग्रजीत सांगितलं. ते घास हातात धरून तसेच राहिले. "आधी दुसरे देत होते," ते तिला म्हणाले. "मी फक्त नीट इस्त्री करून पोचवत होतो. आता चुकलं तर माझं चुकेल."

खाली गाडीपाशी युसूफभाई उभे होते. साहेबांनी त्यांना सरळ विचारलं, "युसूफ, तू काय केलं असतंस?" त्यांची आपसातली भाषा म्हणजे अरबी आणि इंग्रजीची खिचडी, पण दोघांना पुरायची.

युसूफभाईंनी गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "साहेब, माझी आई आजारी पडली तेव्हा मी व्हिसा, नोकरी, तिकीट यांचाच विचार करत बसलो. विचार संपेपर्यंत ती गेली. तुम्ही जा."

साहेब पुढचं दार उघडून गाडीत बसले. त्याच आठवड्यात गेले.

विमानतळावर युसूफभाई खुशीत होते. "आता आपली वकिलात पक्की. आपला माणूस आत गेला."

साहेब त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "इन्शाल्ला."

युसूफभाईंना तो शब्द पक्का वाटला. मला वाटला नाही. मस्कतच्या कचेऱ्यांत इतकी वर्षं काढल्यावर इन्शाल्लाचे किती अर्थ होतात हे कळायला लागतं.

नवे राजदूत आले नाहीत. एक तरुण अधिकारी तात्पुरता कारभार बघायला आला. तो सगळा वेळ खुर्चीत बसायचा आणि आम्हाला ऑफिस ओकंबोकं वाटायचं. दुपारी काम नसलं की युसूफभाई माझ्या टेबलापाशी यायचे. "लावा ना ताई, आपले साहेब." मी कॉम्प्युटरवर त्यांच्या संसदेचं चित्रण शोधून लावायचे. भाषेचा एक शब्द कळायचा नाही. साहेब पुढच्या बाकावर दिसायचे.

"बसवलं त्यांना," युसूफभाई हळहळायचे.

बसल्या जागी ते सारखे हलत असत. टाय सैल करत, पुन्हा आवळत. उठून बोलायला लागले की समोरचे लोक ओरडत. एकदा कुणीतरी कागदांचा गठ्ठा त्यांच्या दिशेने भिरकावला. साहेबांनी भाषण थांबवलं नाही. पण आवाज मी ओळखला. घशातून जाड काढलेला. राजदूत बाहेर गेलेत म्हणून सांगणारा तोच आवाज. मी ते चित्रण बंद करून टाकलं. युसूफभाईंना म्हटलं, इंटरनेट गेलं.

काही महिन्यांनी ते मस्कतला आले. कसलीशी मोठी परिषद होती. बरोबर सचिव, सुरक्षेचा माणूस, काळ्या गाड्या. वकिलातीत आले तेव्हा आम्ही दोघं नवे कपडे घालून दारात उभे होतो. युसूफभाईंनी बोगनवेलीची फुलं कापून काचेच्या भांड्यात ठेवली होती. साहेब वाळले होते. त्यांनी सचिवाला बाहेर थांबायला सांगितलं, तरुण अधिकाऱ्यालाही, आणि दार लावून घेतलं.

"ही वकिलात बंद होतेय," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी आलो."



"कुणी ठरवलं?" युसूफभाईंनी विचारलं.

"मी."

मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही टाईप केलेला तो मजकूर माझ्यासमोर आला. फायलीत वर तोच होता. मी सगळा वाचला. चांगला होता. आणि त्याच्या खाली मी 'नाही' असं लिहिलं. कुठलीतरी ठिकाणं बंद करायचीच होती. माझ्या ओळखीचं ठिकाण वाचवून दुसऱ्याचं बंद करायला माझा हात धजला नाही."

माझं काय, नवऱ्याची नोकरी होती, घर चाललं असतं. पण युसूफभाईंचा सगळा आधार वकिलातीच्या व्हिसावर. नोकरी गेली की व्हिसा गेला आणि साठीकडे झुकलेल्या ड्रायव्हरला या देशात नवा व्हिसा कोण देणार? गावी घर अर्धं बांधून झालेलं, बायकोचे गुडघे गेलेले. ते फक्त म्हणाले, "साहेब, तुम्हीच?" आणि बाहेर गेले. जाताना त्यांचा धक्का लागून फुलांचं भांडं कलंडलं. टेबलावर पाणीच पाणी झालं आणि ग्रीसचा मंत्री आपल्या रुमालाने ते पुसत बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी परिषदेचं मोठं जेवण होतं. साहेबांनी मला सकाळीच फोन केला. "युसूफला गाडी आणायला सांगा. तुम्हीही या. रुस्ताकला जायचंय." सचिव हॉटेलच्या पायऱ्यांवर हात जोडायचा बाकी होता. साहेबांनी त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण तो तिथेच राहिला.

युसूफभाईंनी मागचं दार उघडून धरलं. साहेब पुढच्या दाराकडे वळले तसे युसूफभाई म्हणाले, "मंत्री मागे बसतात."

साहेब मुकाट्याने मागे बसले. मी पुढे.

रस्ता लांबचा. डाव्या हाताला उघडे डोंगर, मधेच खजुरीची हिरवळ आणि गाडीत एसीचा तेवढा आवाज. कुठेतरी अर्ध्या वाटेवर युसूफभाईंनी गाडी कडेला घेतली. मला वाटलं, इंजिन तापलं. त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि मागे न बघता विचारलं, "तुम्ही बंद करायला नाही म्हणू शकत होतात ना?"

"हो," साहेब म्हणाले. "मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याने सही केली असती. त्याला युसूफ कोण हे माहीतही नसतं. हे मी स्वतःला रोज सांगतो. ते खरंच आहे. पण पुरत नाही."

शेजारून एक टँकर गेला, गाडी हलली. युसूफभाईंनी गिअर टाकला.

अर्बाबांनी गालिच्यावर बसवलं, कॉफी आली. साहेबांनी इकडचं तिकडचं न बोलता सांगितलं, "या माणसासाठी काम मागायला आलोय."

अर्बाब म्हणाले, "मंत्री झालास. फोन करायचास."

"फोनवर मला लाज वाटली नसती. समोर बसून मागितलं की वाटते. ती वाटायला हवी होती."

अर्बाबांनी युसूफभाईंकडे वळून विचारलं, "आणि तुला? तुला यायचंय का माझ्याकडे?"

हे तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं, साहेबांनीही नाही आणि मीही नाही. युसूफभाई ताठ बसले. "अर्बाब, गाडी मी कुठलीही चालवीन. पण माझी कीव येऊन देणार असाल तर नको."

"कीव?" अर्बाब भडकले. "माझा आधीचा ड्रायव्हर ईदला गावी गेला तो आलाच नाही. खजूर गोदामात पडून आहे. उद्या येतोस का परवा?"

युसूफभाईंनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "कचेरी बंद होईपर्यंत तिथली नोकरी करीन. मग येईन."

"खलास," अर्बाब म्हणाले, म्हणजे ठरलं. व्हिसा, राहायची खोली, सगळं त्यांच्या माणसाने तिथल्या तिथे ठरवलं. पगार कमी होता. पण साठीकडे झुकलेल्या ड्रायव्हरला नोकरी होती.

परतताना साहेब आपणहून मागे बसले. रुस्ताक सोडल्यावर बघते तर झोपले होते. तोंड उघडं, टाय खांद्यावर गेलेला. त्यांना इतकं स्थिर मी पहिल्यांदाच पाहत होते. युसूफभाईंनी आरशातून एकदा बघितलं, एसी कमी केला आणि गाडीचा वेगही.

वकिलात बंद झाली. झेंडा उतरवताना तो तरुण अधिकारी रडला, आम्ही नाही. मी एका शाळेच्या ऑफिसात लागले. युसूफभाई रुस्ताकहून खजुराची व्हॅन घेऊन मस्कतला यायचे तेव्हा माझ्या गेटवर एक डबा ठेवून जायचे.

साहेबांनी त्यानंतर थोड्याच दिवसांत राजीनामा दिला. कुणी लिहिलं मतभेद झाले, कुणी लिहिलं काढून टाकलं. मी फोनवर विचारलं तर म्हणाले, "दोन्ही थोडं थोडं. शेवटी मला माझं मत आठवलं आणि ते मी भलत्या वेळी सांगितलं." पुढे निवडणूक लढवायला, कुठल्या मंडळावर बसायला बोलावणी आली. त्यांनी ती घेतली नाहीत. बेटावर राहायला गेले. भाषणं द्यायला, शिकवायला मात्र फिरत राहिले. पाय थांबत नव्हते.

मागच्या वर्षी त्यांच्या बायकोचा छोटासा मेसेज आला. हृदयविकाराने गेले. संध्याकाळी बोटीच्या धक्क्यावर फिरायला गेले होते, तिथेच. मी रुस्ताकला फोन केला. युसूफभाई म्हणाले, "चालत होते ना? मग बरं झालं."

मी साहेबांना शेवटचं पाहिलं ते राजीनाम्यानंतर दोनेक वर्षांनी, मस्कतच्याच विमानतळावर. सिंगापूरला शिकवायला निघाले होते आणि वाटेत एक दिवस मस्कतला थांबणार होते. सकाळी मी आणि युसूफभाई आणायला गेलो. आता ना राजदूताचा पासपोर्ट, ना मंत्र्याचा. साध्या माणसांच्या रांगेतून यायचं होतं. त्यांच्या विमानाचे सगळे प्रवासी बाहेर पडले, साहेब नाहीत. आमचा जीव वर-खाली. सरकतं दार उघडलं की आतलं थोडं दिसायचं, बंद झालं की पुन्हा काच.

मग मला ते दिसले. आतल्या एका उंच काउंटरवर वाकून ते लिहीत होते. त्याच सुमारास आपल्याकडचं एक विमान उतरलं होतं. कामावर पहिल्यांदाच आलेली माणसं, हातात पासपोर्ट, भरायचे इंग्रजी कागद, आणि कुणाकडे पेन नाही. साहेबांनी कुणाला तरी एक कागद भरून दिला असणार. आता त्यांच्यामागे रांग लागली होती. दार बंद झालं. उघडलं तेव्हा रांग वाढली होती. साहेब एकाचा पासपोर्ट डोळ्यांजवळ धरून नाव वाचत होते आणि तो माणूस मान डोलावून होय-होय म्हणत होता.

एकेक जण बाहेर यायला लागला. त्यातला एक मध्यमवयीन गवंडी आमच्यापाशी थांबला, कंपनीची बस कुठे येते विचारायला. बोलीवरून युसूफभाईंनी ओळखलं, आपल्याच बाजूचा. मुरूडकडचा निघाला. बस दाखवल्यावर त्याने आत बोट केलं.

"तो गोरा बाबा कोन हाय वो? एजंट हाय काय?"

"मंत्री हाय," युसूफभाई म्हणाले.

त्याला ते खरं वाटलं नाही. तो हसला. "कुठला मंत्री?"

दार पुन्हा उघडलं. साहेबांनी मान वर करून आम्हाला पाहिलं, पेन धरलेला हात उंचावून थांबा अशी खूण केली आणि पुढच्या माणसाचा पासपोर्ट घेतला.

"आमचा," युसूफभाई म्हणाले.